कासवाची पाठवणी

आमच्या घोडपदेवच्या खोलीत पाहुणा आला की आई त्याला आधी पाय वर घेऊन बसायला सांगायची. पाहुण्याला वाटायचं, लादी पुसायची असेल. मग पलंगाखालून खरवडल्यासारखा आवाज यायचा, आमचं कासव बाहेर निघायचं, पाहुण्यासमोरून पलीकडच्या भिंतीकडे जायचं, आणि आई कौतुकाने म्हणायची, "तुमका बघूक इलो."

ते कोणालाही बघायला येत नसे. भिंतीपर्यंत जायचं, भिंतीला डोकं लावून थोडा वेळ उभं राहायचं, मग वळून दुसऱ्या भिंतीपर्यंत. ट्रंका, शिलाई मशीन, पाण्याचं पिंप आणि आम्ही तिघं वगळून जी काही जमीन उरायची तेवढं त्याचं जग होतं. हे मला आता कळतं. तेव्हा आम्हाला वाटायचं, काय मजेत फिरतंय.

बाबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. मी शाळेत असताना त्यांच्याबरोबरचा एक जण नोकरी सोडून कायमचा गावी निघाला आणि जाताना त्याने हे कासव बाबांच्या पिशवीत घातलं. कासव असलेल्या घरात लक्ष्मी टिकते म्हणाला. लक्ष्मी काही आमच्याकडे टिकली नाही, कासव मात्र टिकलं. काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या आणि प्रत्येक चांदणीच्या मधोमध एक उंचवटा. वर्षं गेली तसे ते उंचवटे वाढत गेले. आई शेजाऱ्यांना ते हात लावून दाखवायची. समुद्रमंथनाच्या वेळी डोंगराची रवी बुडायला लागली तेव्हा देव कासव होऊन समुद्रात गेला आणि त्याने तो डोंगर पाठीवर तोलला, ही गोष्ट ती आमच्या कासवाच्या पाठीवर बोट ठेवूनच सांगत असे. "हे बघ डोंगर," म्हणायची. चाळीतली पोरं त्या डोंगरांना नमस्कार करून परीक्षेला जायची. नापास झालेल्यांनीसुद्धा कधी कासवाला बोल लावला नाही.

त्याला आम्ही जे खायचो तेच मिळायचं. भात, चपाती, दुधात कुस्करलेला पाव, एकादशीला साबुदाण्याची खिचडी. गुरुवारी घमेल्यात पाणी घेऊन आंघोळ, मग पाठीला खोबरेल तेल, मग कुंकवाचं बोट. त्याला नाव नव्हतं. आई त्याच्याशी बोलताना "अरे" म्हणायची आणि त्याच्याबद्दल बोलताना "तो", जसं ती बाबांबद्दल बोलायची. त्यामुळे "तो जेवलो नाय अजून" हे नक्की कोणाविषयी आहे हे ऐकणाऱ्याला ताटाकडे बघून ठरवावं लागे.

बाबा गेले. मी तोवर दादरला एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरीला लागून तिथेच जुन्या इमारतीत तळमजल्यावर राहत होते. लग्न केलं नव्हतं, जागा होती, आईने यावं म्हणून मी तिच्या मागे लागले. तिचं एकच उत्तर, "ह्येका कोण बघतलो?" त्यालाही घेऊन ये म्हटलं तर म्हणायची, त्याला जागेची सवय आहे. मी चिडायचे. तुला पोटच्या पोरीपेक्षा कासव जवळचं, असं मी भांडणात बोललेही आहे. आई त्यावर उठून त्याच्यासाठी पाव कुस्करायला गेली, म्हणजे मला काय ते समजलं. संध्याकाळी मी अचानक गेले की दाराबाहेर चप्पल काढतानाच तिचं बोलणं ऐकू यायचं. भाजी काय केली, गुडघा कसा ठणकतो, बाबांचा कोणता शर्ट कोणाला दिला. ऐकणारा पलंगाखाली बसलेला असायचा.

मग चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं. खोल्या रिकाम्या होऊ लागल्या. कोणी कल्याणला गेलं, कोणी घोडपदेवातच भाड्याच्या खोलीत, कोणी गावाला. आईला आता कारण उरलं नाही. ती माझ्याकडे टॅक्सीने आली, मांडीवर वेताची टोपली, टोपलीत जुन्या लुगड्याच्या घड्या आणि त्यात कासव. देवांची पेटी मात्र डिकीत.

दादरला आल्यावर ते फिरेना. एका कोपऱ्यात तोंड घालून बसलं. पाव पुढे केला तर तोंड उघडेना. आई म्हणाली, घर सुटलं म्हणून रुसलाय. मला त्यात आईचंच रुसणं दिसत होतं म्हणून मी आधी लक्ष दिलं नाही. पण एका सकाळी मी वाकून बघितलं तर त्याचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते. पापण्या मटारएवढ्या झालेल्या. त्याला काही दिसत नव्हतं, म्हणून ते हलत नव्हतं.

परळला जनावरांच्या एक डॉक्टर होत्या. त्यांना कासवांची माहिती आहे असं कळलं म्हणून आम्ही टोपली घेऊन तिथे गेलो. आई वाटेत टोपलीवर पदर धरून बसली होती. डॉक्टरांनी त्याला उचललं, उलटं करून बघितलं, डोळे तपासले, पाठीवरच्या उंचवट्यांवरून बोट फिरवलं. आई लगेच म्हणाली, "डोंगर असत ते. देवाच्या पाठीवरचे."

डॉक्टरांनी त्याला सरळ करून टेबलावर ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, थोडे उंचवटे या जातीच्या कासवांना असतातच. एवढे नसतात. भात, पाव, दूध त्यांच्या पोटाला चालत नाही. हाडं नीट बनत नाहीत, मग पाठ अशी वाकडी वाढते. ह्याला हे दुखत असणार."

आईने हात मागे घेतला. इतकी वर्षं ज्याला ती कुंकू लावत होती तो आजार होता, हे तिच्या चेहऱ्यावर पसरत गेलेलं मी पाहिलं. ती उठून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली. पुढचं सगळं मी एकटीने ऐकलं. हे कासव रानातलं, कोरड्या माळावर गवत खाऊन राहणारं. कोणीतरी कधीतरी तिथून उचलून आणलं आणि हातोहात विकलं असणार. असं कासव घरी ठेवायला कायद्याने बंदी आहे. "घाबरू नका, स्वतःहून देताय म्हटल्यावर वनखात्याचे लोक समजून घेतात," डॉक्टर म्हणाल्या. वनखात्याबरोबर काम करणाऱ्या एका संस्थेचा फोन नंबर त्यांनी दिला. संस्थेकडे उपचार होतील, आणि पुरेसं बरं झालं तर त्याला त्याच्या मुलखात नेऊन सोडायचा प्रयत्न होईल. निघताना बाहेर येऊन त्यांनी आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "आजी, आता याला पाण्यात बसवू नका हं. छाती भरते त्याची. आणि थोडं बरं वाटलं की त्याला त्याच्या घरी जाऊ दे."

मी आईला घरी आल्यावर सगळं नीट सांगितलं. रान, माळ, कायदा, संस्था. तिने त्यातलं एकच उचललं.

"म्हणजे मी चोर असंय?"

"चोर कोण म्हणतंय तुला? ज्याने आणलं तो चोर."

"सरकारी माणसा येतली, पिंजऱ्यात घालतली. कोण बघतला त्येका थंय? कोण बोलतला त्येच्याशी?"

"आई, त्याला बोलायची गरज नाही. गवताची गरज आहे."

"तुका काय म्हायत, त्येका कसली गरज असा ती?"

आमच्या घरात भांडणं अशीच चालतात. मी तर्काने बोलते, आई बोलते ते तर्कात बसत नाही, आणि शेवटी दोघींना आपणच बरोबर असल्याचं समाधान मिळतं. त्या वेळी मात्र ते कोणालाच मिळालं नाही. ती रात्री जेवली नाही. मी जेवायला बसले आणि अर्ध्या ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवसापासून उपचार सुरू झाले. डोळ्यात थेंब, डॉक्टरांकडे नेऊन इंजेक्शन, दूधपाव बंद. आता त्याला गवत आणि हिरवा पाला हवा होता. मी जन्मात कधी गवताकडे बघितलं नव्हतं, ती मी ऑफिसातून येताना शिवाजी पार्कच्या कट्ट्याजवळ वाकून दूर्वा आणि आघाडा तोडायला लागले. फिरायला येणारे निवृत्त गृहस्थ मला पूजेच्या दूर्वा कशा निवडाव्यात ते समजावून सांगत. मी मान डोलवायचे. कासवासाठी हवंय म्हटलं असतं तर त्यांनी त्यावरही मार्गदर्शन केलं असतं. आमच्या इमारतीच्या मागे जास्वंद होती, तिची फुलं देवाला कमी आणि टोपलीत जास्त जायला लागली. आईने त्याबद्दल तक्रार केली नाही. ती दुरून बघायची. थेंब घालताना डोकं धरायला मात्र तिचाच हात लागायचा, माझ्या हाताला ते डोकं आत ओढून घ्यायचं.

आणि एका सकाळी त्याने डोळे उघडले. आधी एक, मग दुसरा. काळेभोर, ओले. आईने टाळी वाजवली. मी जास्वंदीचं फूल पुढे धरलं तर त्याने मान लांब काढून त्याचा लचका तोडला आणि तोंडाभोवती लाल लाल करून घेतलं. आम्ही दोघी लादीवर बसून बघत राहिलो. किती दिवसांनी आम्ही एकमेकींकडे बघून हसलो होतो.

त्या रविवारी मी त्याला इमारतीमागे नेलं. तिथे भिंतीलगत मातीचा पट्टा आहे, गवत, थोडं ऊन. मी त्याला खाली ठेवलं. ते आधी अंग आत घेऊन बसलं, भीती वाटली की ते तसंच करायचं. मग पाय बाहेर आले. त्याने माती नाकाने हुंगली आणि चालायला लागलं. आमच्या खोलीत ते भिंतीशी जाऊन थांबायचं, कारण पुढे भिंत असायची. इथे पट्टा लांब होता. ते चालत गेलं, थांबलं नाही, गवत तोडून खाल्लं, पुन्हा चाललं. पाठ वाकडी, पाय फेंगडे, पण ते चाललं होतं. माझ्या जिवाचा मुळातच कोंडमारा झाला होता, मला तिथेच रडू फुटलं. याला एवढं चालता येत होतं आणि आम्ही त्याला आयुष्यभर पलंगाखाली ठेवलं. त्या क्षणी मला मनापासून हवंसं वाटलं की याने जगावं, आणि जिथे भिंत नाही अशा ठिकाणी जगावं. इतकं मला स्वतःसाठीसुद्धा फार वेळा काही हवंसं वाटलेलं नाही.

मी संस्थेला फोन केला. शनिवारी सकाळी येतो म्हणाले.

आईला सांगितलं तेव्हा ती भांडली नाही. तांदूळ निवडत होती, तशीच निवडत राहिली. मग म्हणाली, "पाठवणी करूक होयी ना गो? एवढी वर्षा ऱ्हवलो घरात. असो पोत्यात घालून देतत काय?"

मला बरं वाटलं. म्हटलं, करू की. शुक्रवारी संध्याकाळी मी लवकर येते, ओवाळू, दहीपोहे कर, त्याला नाही पण आपण खाऊ. आई हसली. मीही मनात म्हटलं, चला, देव पावला.

शुक्रवारी मी खरंच लवकर आले. येताना पेढे आणले होते. दार उघडं होतं. आई खुर्चीत बसली होती, नवीन सुती साडी नेसलेली, आणि साडीचा खालचा भाग गुडघ्यापर्यंत ओला. लादीवर पावलापावलाला वाळू पडली होती. वेताची टोपली तिच्या पायाशी रिकामी होती.

"पोचवून इलंय त्येका," ती म्हणाली. चेहरा रडून सुजलेला, पण शांत.

"कुठे?"

"त्येच्या घराक. चौपाटीर."

मी दाराला धरून उभी राहिले. आई सांगत गेली आणि मी ऐकत गेले. दुपारी तिने त्याला तेल लावलं, कुंकू लावलं, ओवाळलं. गणपतीच्या हातावर ठेवतात तसं दही त्याच्या पुढ्यात ठेवलं. दहीपोह्यांची शिदोरी फडक्यात बांधली. मग टॅक्सी करून ती एकटी गिरगाव चौपाटीला गेली. सारा जन्म चाळीच्या गणपतीमागून त्याच वाटेने गेलेली बाई, तिला कोणी वाट सांगायची गरज नव्हती. वाळूवर त्याला ठेवून आरती म्हटली. मग गुडघाभर पाण्यात उतरली. मूर्तीला देतात तसं त्याला तीन वेळा पाण्यात बुडवून वर काढलं आणि सोडलं.

"डॉक्टरीण म्हणाली ना, त्येच्या घराक जाऊ दे म्हणान. नळाचा पाणी बाधता त्येका, औषध घालतत त्यात, म्हणान छाती भरी होती. त्येका खारा पाणी होया होता. देव खंय ऱ्हवलो होतो डोंगर घेऊन? समुद्रातच ना? मगे? सरकारी माणसांच्या हातात कित्याक देऊ मी? माझ्या हातान पाठवलंय." तिने पदर डोळ्यांना लावला. "एकदा पण मागे वळान बघूक नाय गो. सोडलंय आणि सरळ खाली गेलो. एवढी वर्षा घराची वाट बघी होतो बिचारो."

मला ओरडायचं होतं. माझा स्वभाव असा की भाजीत मीठ जास्त झालं तरी मी ओरडते. पण तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त ते कासव होतं. घाबरलं की ते अंग आत ओढून घ्यायचं. पाण्यात सोडल्यावर त्याने तेच केलं असणार, आणि तसंच गोळा होऊन ते दगडासारखं तळाशी गेलं असणार. मी "आलेच" म्हणाले, पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि टॅक्सी पकडली.

चौपाटीवर पोचले तेव्हा सूर्य बुडत होता आणि भरती आली होती. चटया अंथरणाऱ्या माणसाला विचारलं. "हां, एक बूढ़ी अम्मा आयी थी. आरती किया, रोया, पानी में कुछ छोड़ा," त्याने पाण्याकडे हात केला. मी चपला हातात घेऊन पाण्यात उतरले. पाणी गढूळ, लाटा कमरेला लागत होत्या. पायाने चाचपडत होते. पायाला प्लास्टिक लागायचं, नारळाची करवंटी लागायची, आणि प्रत्येक वेळी मी वाकून हात घालायचे. लोक बघत होते. एका जीवरक्षकाने शिटी वाजवून मला बाहेर बोलावलं. बाई, घरी जा, म्हणाला. त्याला वाटलं असेल मीच जीव द्यायला आले आहे.

सकाळी भरती ओसरल्यावर मी पुन्हा गेले. वाळू उघडी पडली होती, झेंडूची फुलं, काठ्या, पिशव्या. दंताळ्याने कचरा ओढणाऱ्या एका बाईने मला विचारलं, "ताई, काय हरवलंय?" मी सांगितलं. तिने दंताळं खाली ठेवलं आणि मला थोडं पुढे घेऊन गेली.

ते उलटं पडलं होतं. मान आणि चारही पाय पूर्ण बाहेर ताणलेले, मी कधीच पाहिले नव्हते इतके. डोळे उघडे होते. ज्या डोळ्यांसाठी आम्ही थेंब घालत होतो ते डोळे. मी त्याला सरळ केलं. पाठ अजून तेलाने गुळगुळीत होती. मी वाळूत बसले आणि त्याला मांडीवर घेतलं. मला त्याचं नाव घेऊन रडायचं होतं, आणि त्याला नावच नव्हतं.

संस्थेतली मुलगी ठरल्याप्रमाणे निघालीच होती. मी फोन करून तिला दादरऐवजी चौपाटीवर बोलावलं. तिच्याबरोबर वनखात्याचा माणूसही होता. त्यांनी फोटो काढले, मला विचारून लिहून घेतलं. मी वाट बघत होते की ती मुलगी मला चार शब्द सुनावेल. तिने ते केलं नाही. कापडात त्याला गुंडाळताना ती म्हणाली, "ताई, आमच्याकडे विहिरीत सोडलेली येतात, देवळाच्या तळ्यात सोडलेली येतात. सगळी प्रेमानेच सोडलेली असतात." आणि कापडाला गाठ मारता मारता, "म्हणून तर आम्ही म्हणतो, कोणी सोडू नका, आम्हाला बोलवा."

घरी आले. आईने विचारलं, "इली होती ती माणसा? रागावली?"

"नाही रागावली. सांगितलं मी, ते गेलं म्हणून."

यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि माझ्या आयुष्यात मी याहून मोठं खोटं बोलले नाही. पण तिच्याकडे बघून दुसरं काही बोलवेना. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, नवरा गेलेला, चाळ गेलेली, आणि एवढ्या एका गोष्टीचं समाधान. ते मी काढून घेऊ? कासव तर परत येणार नव्हतं.

ती रोज विचारायची. संध्याकाळी दिवा लावला की, "आता पोचलो असतलो ना गो, लांब?" मी हो म्हणायचे. "थंय त्येचे भाऊबंद असतीत." असतील, म्हणायचे. बातम्यांत वादळाचं नाव आलं की ती काळजी करायची, आणि मी सांगायचे की समुद्रात खाली वादळ लागत नाही. ऑफिसात बसून मी पुढच्या प्रश्नांची उत्तरं शोधून ठेवायला लागले होते. रात्री डोळे मिटले की ती ताणलेली मान दिसायची. आईचा मला इतका राग यायचा की मी उठून गॅलरीत जायचे, आणि इतकी माया यायची की परत येऊन तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायचे.

चाळीतल्या बायका पांगल्या तरी फोनवर रोज भेटायच्या. आईने प्रत्येकीला ही पाठवणी सांगितली. दही, आरती, पाणी, मागे न बघता गेला. दर वेळी सांगताना तिचा आवाज थोडा अधिक आनंदी होत गेला. मी आतल्या खोलीत कानात बोटं घालून बसायचे. म्हटलं, सांगू दे. तिचं दुःख असं फिटत असेल तर फिटू दे.

त्या दिवशी मी पोळ्या लाटत होते. आई बाहेर फोनवर, पलीकडे आमची चाळीतली शेजारीण, जी आता लालबागला लेकीकडे राहत होती. फोन स्पीकरवर होता, आईला कमी ऐकू येतं म्हणून. शेजारीण सांगत होती, लेकीच्या घरी तसंच एक कासव आहे, चांदण्यांचं, बालदीत ठेवतात. तू सांगितल्यापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. लेकही तयार झाली आहे. आम्हीपण तशीच पाठवणी करतो.

"कर गो, कर," आई म्हणाली. "परवा एकादशी असा, बरी. तेल लाव. आणि पाण्यात जरा आत जा, काठाक सोडू नको."

माझ्या हातातलं लाटणं ओट्यावर पडलं. मी तशीच पिठाच्या हातांनी बाहेर गेले आणि म्हटलं, "आई, फोन ठेव." माझ्या आवाजात काय होतं माहीत नाही, तिने लगेच ठेवला.

मी तिच्यासमोर खाली बसले. आणि सांगितलं. आपलं कासव पाण्यातलं नव्हतं. त्याला पोहता येत नव्हतं. ते बुडालं, आई. दुसऱ्या सकाळी मला वाळूवर मिळालं. मी उचललं. ते कुठेही पोचलेलं नाही.

आई माझ्याकडे बघत राहिली. ती रडेल असं मला वाटलं होतं, किंवा मला खोटं ठरवेल. तिने तसं काही केलं नाही. ती म्हणाली, "आणि तू रोज हो म्हणी होतंस."

"हो."

"मगे खाली गेलो तो..." तिने तीन वेळा हात खाली-वर केला, जसा पाण्यात केला असेल. मग तो हात तिने दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवला. "त्रास झालो असतलो काय गो त्येका?"

मला नाही म्हणता आलं असतं. जिभेच्या टोकावर होतं. पण एकदा हो म्हणायला लागलं की माणूस कुठे जाऊन पोचतो ते मी आत्ताच ऐकलं होतं. मी म्हटलं, "हो आई. झाला असेल."

तिने डोळे मिटले. तिच्या तोंडातून एक बारीक आवाज आला, बाबा गेले तेव्हाही आला नव्हता असा. मी तिचे गुडघे धरले. माझ्या हातांचं पीठ तिच्या साडीला लागलं. मला वाटलं, मी हिला मारलं. कासव तिने मारलं आणि तिला मी.

मग तिने डोळे उघडले आणि फोनकडे बोट केलं. मी शेजारणीचा नंबर लावून दिला. तिकडून "काय गो, काय झाला?" असा आवाज आला. आईने दोन्ही हातांनी फोन तोंडाजवळ धरला.

"सोडू नको," ती म्हणाली. "त्येका पवूक येना नाय. मरता तो. माझो मेलो."

तिकडून काहीतरी विचारलं गेलं. कोण म्हणालं, कसं कळलं, तू तर म्हणत होतीस की.

"मी म्हणी होतंय ता खोटा. मी माझ्या हातान बुडवलंय त्येका. तू बुडवू नको." एवढं बोलून तिने फोन माझ्याकडे दिला. "त्या लोकांचो नंबर सांग तिका. माका आता बोलवना नाय."